हल्ली कशाला म्हणून वास नाही

सोमवार, ४

सर्दी गेली, ताप गेला, बसलेला आवाज परत आला. आज पहिल्यांदा ब्रुअरीत गेले आणि गेल्या गेल्या डोकं फिरलं.

मी अंथरुणात असताना माझ्या धाकट्या भावानं लालची टाकी तयार करून ठेवली होती. लाल म्हणजे आमची रेड एल. आमची कसली, माझी. बाकीच्या बिअरी आम्ही दोघं भावंडं मिळून करतो, पण लाल माझ्या हातची. तांबूस रंग, भाजलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या जवाची गोडी आणि वर हॉप्सच्या फुलांचा असा वास, की ग्लास टेबलावर ठेवला तर शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वळवून बघायचा. आज मी ग्लासात नाक घातलं तर काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. घोट घेतला तर आधी गोड, मग कडू, खेळ खलास.

"किती हॉप्स टाकलेस?" मी धाकट्याला धरलं.

"तू सांगितलेस तेवढेच."

"मग वास कुठे गेला?"

त्यानं ग्लास घेतला, हुंगला, माझ्याकडे बघितलं, परत हुंगला. "ताई, आहे की."

"कसला आहे?"

"कसला म्हणजे... लालचा."

हे ह्याचं नेहमीचं. चांगलं की वाईट एवढंच कळतं ह्याला, वासाला शब्द म्हणून नाही. भावजय काउंटर सांभाळते, ती मध्येच म्हणाली, "ताई, लोक तर नेहमीपेक्षा जास्त मागतायत." लोकांचं काय घेऊन बसलात! लोकांना थंड असलं की पुरतं.

आणि हे सगळं नेमकं आत्ता. महिनाअखेरीला हॉटेलवाल्या बाई यायच्यात. त्यांना त्यांच्या सगळ्या हॉटेलांत एकच लाल बिअर ठेवायची आहे, आणि निवड आता आमच्यात नि नदीपलीकडच्या ब्रुअरीत आहे. जमलं तर आपली ब्रुअरी टिकली. नाही जमलं तर टाक्या विकून दोघांनी नोकऱ्या शोधायच्या. धाकटा हे तोंडानं बोलत नाही, पण हल्ली टाक्या पुसताना त्याचा चेहरा बघवत नाही.

नवी टाकी मी स्वतः लावणार. कोणी मध्ये लुडबुड करायची नाही.


बुधवार, ६

लाल लावली. त्याआधी हॉप्सवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं, ते लिहिते.

हॉप्सच्या गोळ्यांचं सीलबंद पाकीट फोडलं, चार गोळ्या तळहातावर चुरडल्या, ओंजळ नाकाशी धरली. मी वर्षानुवर्षं हेच करत आलेय. एरवी संत्र्याची साल, चीडचं लाकूड, कधी पिकलेला पेरू, असं काय काय उठतं. आज हिरवी पूड, बस्स. लाकडाचा भुसा परवडला!

त्याला बोलावून घेतलं. "जुना माल खपवताय होय आमच्या गळ्यात?"

"ताई, ह्याच आठवड्यात आलाय. गाडीत ठेवला तर काचा उघडून यावं लागलं, एवढा मारतोय." आणि खुशाल माझ्यासमोर शिंकला. नाटकं! मी दुसरं पाकीट मागवलं. तेही तसलंच. तिसरं फोडायला तो तयार होता, पण माल्टचा काढा उकळायला लागला होता, म्हणून म्हटलं राहू दे. घाऊक व्यापारातच भेसळ शिरलीय, हा बिचारा तरी काय करणार. पण चेहऱ्यावर तसं दाखवलं नाही मी.

उकळी फुटली तेव्हा समोरचा शिंपी दारात येऊन म्हणाला, "वा ताई, आज काय दरवळतंय! गिऱ्हाइकं कापड सोडून तुमच्याकडे बघतायत." टोमणा कळतो मला. मी दार लावून घेतलं.


रविवार, १०

दूध उतू गेलं, आटलं, भांडं काळं ठिक्कर पडलं. मी तिथेच ओट्याशी उभी राहून पेपर वाचत होते. नवरा बाहेरच्या जिन्यावरून धावत आला, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, मग म्हणाला, "अगं, तू इथेच होतीस?" होते की! पाठ होती माझी. पाठीला डोळे असतात का?

नवरा गाडी चालवायला शिकवतो. समोरचा माणूस खांबावर गाडी घालायला निघाला तरी ह्याचा आवाज चढत नाही. त्याच आवाजात म्हणाला, "तुझं नाक बंद आहे का अजून?"

"मुळीच नाही. मस्त मोकळं आहे." दोन्ही नाकपुड्यांतून श्वास घेऊन दाखवला.

नवी कॉफी आणलीय. गरम कडू पाणी. डबा बदलला म्हणजे कॉफी झाली असं वाटतं कंपन्यांना. नवऱ्याच्या स्वयंपाकाचंही तेच. तिखट लागतं, खारट लागतं, पण मन नाही त्यात. बोलले तर भांडी घासायला लागला. पूर्वी निदान वाद तरी घालायचा.


गुरुवार, १४

बिअर फसफसून शांत झाली. आज थंड टाकीत हॉप्स टाकायचे होते. उकळताना टाकले की कडूपणा येतो, गार झाल्यावर टाकले की वास येतो. लालचा सगळा जीव ह्या शेवटच्या हॉप्समध्ये आहे.

मी धाकट्याला सांगितलं, "ह्या वेळी दुप्पट टाकायचे."

"दुप्पट? ताई, गवत होईल त्याचं."

"हॉप्स मेलेले आहेत. मेलेल्याला दुप्पटच लागतात."

"मेलेले नाहीत गं ते." मग खाली बघत म्हणाला, "तू एकदा डॉक्टरकडे जाऊन ये ना. त्या तापानंतर तू... जाऊन ये फक्त."

मी काय आजारी दिसते? लंगडते थोडी, ते गुडघ्यामुळे. त्या गुडघ्यापायीच घरच्यांनी मला शिडी चढायची बंदी केलीय, नाही तर मी टाकायला ह्याच्याकडे दिलेच नसते. माझ्यासमोर पाकिटांत मापून दिले. बादली घेऊन वर चढला. मी खालून विचारलं, "सगळे टाकलेस?" वरून उत्तर आलं, "झालं." असा तुटक बोलला की जणू मी त्याला विहिरीत ढकललं.


मंगळवार, १९

गुडघा दाखवून आले एकदाचा. डॉक्टर म्हणाले काही नाही, वजन सांभाळा. धाकट्याला सांगितलं, तर कपाळावर हात मारून घेतला. आता बरा आहे ऐकून कोणी कपाळ बडवतं का?

दुपारी हॉटेलवाल्या बाई जागा बघायला येऊन गेल्या. चव शेवटच्या शनिवारी घेणार. मला बरी वाटली बाई, नीट बोलते, प्रश्न मुद्द्याचे विचारते. पण आमच्या माणसांना काय झालं होतं कोण जाणे. बाई आत शिरल्या तसा धाकटा एक एक खिडकी उघडत सुटला. भावजय माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. नवरा मला न्यायला आला होता, तो दारातूनच परत फिरला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. बाई गेल्यावर भावजय हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?"

"नाही, आपली ती पाटी आहे ना."

चव घेण्याच्या खोलीबाहेर माझी पाटी आहे: अत्तर, सेंट, पावडर लावून आत येऊ नये. त्या पाटीपायी मी एकदा लग्नाला निघालेल्या माणसाला आंघोळ करून यायला लावलं होतं. मी म्हटलं, "मग? पाटी सरळच आहे की." दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पाहुण्यांसमोर खिडक्यांचा एवढा धडाधड आवाज करू नये, एवढंही कळू नये!


शुक्रवार, २२

चोरी! माझ्याच घरात, माझ्याच सख्ख्या भावानं!

सकाळी टाकीतून नव्या लालचा ग्लास काढला. नाक घातलं, शून्य. दुप्पट हॉप्स घालून शून्य! माल्टची पोती हलवून बघितली, म्हटलं ओल तर लागली नाही. पोत्यांमागे हॉप्सची पाकिटं. माझ्या मापाची, माझ्या समोर मापलेली, तशीच्या तशी. म्हणजे त्या दिवशी ह्यानं वर चढून निम्मेच टाकले, आणि मी खाली उभी राहून मान डोलावत होते!

मी एवढी ओरडले की समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. "लाज नाही वाटली? माझी लाल बुडवायला निघालास? नदीपलीकडच्यांनी सांगितलं का तुला?"

शेवटचं बोलायला नको होतं कदाचित. पण तोंडातून गेलं.

धाकटा लाल झाला, मग पांढरा पडला. "लाल चांगली झालीय, ताई. तू केलेली सगळ्यात चांगली."

"वास नाही तिला!"

"आहे."

"मला शिकवतोस? तुला बाटली धुवायला कोणी शिकवली?"

"तूच." एवढंच बोलला.

मी टाकीतून बरणीभर लाल काढली, तिच्यात त्या लपवलेल्या पाकिटातले हॉप्स ओतले, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली. दोन रात्री मुरू देते. रविवारी सगळ्यांना समोर बसवून खरी लाल कशी असते ते दाखवते. टाकीतली एकीकडे, बरणीतली एकीकडे. ज्याचं नाक खरं, त्यानं लाल करायची. दुसऱ्यानं आयुष्यात लालला हात लावायचा नाही. धाकट्याला हे तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "असं नको बोलूस, ताई." घाबरला!


रविवार, २४

सगळं लिहिते. राग आलाय तोवर लिहिते.

तीन पेले घ्यायचे. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा कुठला ते ओळखायचं. ही पद्धत मीच ह्या ब्रुअरीत आणली. पेले स्टीलचे, म्हणजे रंग दिसायला नको. ओतताना बाकीच्यांनी पाठ करायची. आणि माझा नियम: आधी नाक, मग जीभ. नाकानं ओळखता आलं नाही तर घोट घ्यायचा नाही.

भावजयीनं ओतलं. नवरा कोपऱ्यात स्टुलावर. पहिली पाळी धाकट्याची. ह्यानं मधला पेला तोंडाशीही नेला नाही. उचलला आणि ठेवून दिला. "ही बरणीतली. गवताच्या गंजीत तोंड खुपसल्यासारखं होतंय." बरोबर होतं. म्हटलं, लागला असेल अंदाज.

मग माझी पाळी. पेले फिरवले. मी पहिल्यात नाक घातलं. दुसऱ्यात. तिसऱ्यात. परत पहिल्यात. तिन्ही एकच. मी भावजयीकडे वळले. "तिन्हीत टाकीतलीच ओतलीस ना? मला मूर्ख समजता?"

"नाही हो ताई. शप्पथ नाही." रडायलाच लागली ती.

"मग तुम्ही दोघांनी मिळून..."

धाकटा उठला, फळीमागून एक पेला आणून माझ्यापुढे ठेवला. नवरा म्हणाला, "नको रे." आवाज चढवून म्हणाला. ह्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"हिला कळू दे भाऊजी. मला आता नाही बघवत." मग मला म्हणाला, "ताई, ही कुठली ते सांग."

मी नाक घातलं. नीट, डोळे मिटून, शांतपणे घातलं. "ही पण तीच. टाकीतली."

भावजय रुमाल नाकाला लावून दाराशी गेली होती.

"पी मग," धाकटा म्हणाला.

मी घोट घेतला आणि आंबट! अशी आंबट, की दात शिवशिवले. बूच न लावता राहून गेलेली जुनी बाटली होती ती, आंबलेली. सगळ्या खोलीत तो वास येत होता म्हणे. कोपऱ्यातल्या स्टुलापर्यंत येत होता. आंबल्याचा वास! त्याची नुसती शंका आली म्हणून मी मागे अख्खी टाकी गटारात सोडली होती, आणि धाकटा रडकुंडीला येऊन म्हणत होता, ताई मला तर काहीच येत नाहीये. तेव्हा माझंच नाक खरं निघालं होतं. आणि आज तोच वास माझ्या नाकाखाली, आणि मी म्हणते टाकीतली.

मी पेला भिंतीवर फेकला. "सांगितलं का नाहीत मला?"

"सांगितलं ना," धाकटा म्हणाला. "डॉक्टरकडे जा म्हटलं. तू गुडघा दाखवून आलीस."

"नीट शब्दांत सांगायचं!"

"तू भांडली असतीस."

"मी? मी भांडले असते?"

त्यावर नवरा हसला. नालायक. मग धाकटा हसला, मग भावजय नाक पुसता पुसता. मला हसू आलं नाही. मी खोलीतून निघून आले आणि माल्टच्या पोत्यावर बसून रडले. पोत्यात तोंड घालून रडले. त्यालाही वास नव्हता.


सोमवार, २५

नाकाच्या डॉक्टरकडे. डोळे मिटायला लावून एकेक बाटली नाकाखाली धरली. म्हणाले, त्या तापानं वासाच्या नसा दुखावल्यात. परत येतील कदाचित, कधी कधी नाही येत. कधी कधी म्हणजे काय? गाडी आहे का ती, उशिरा येणारी? तर म्हणे, रोज ओळखीचे वास हुंगत जा, आणि हुंगताना तो वास आठवत जा.

म्हणजे नसलेलं आठवायचं, रोज. ह्याची फी घेतात.


मंगळवार, २६

हॉप्सवाल्याला फोन केला. म्हटलं, माल चांगला होता तुमचा. त्यानं दोनदा विचारलं, "कोण बोलतंय?"

धाकट्याला मात्र अजून काही बोलले नाही. शब्द दिला होता मी, ज्याचं नाक खरं त्याची लाल. दिलेला शब्द खरा करायचा तर लाल त्याची झाली. सकाळी टाकीवरची माझ्या नावाची चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. त्यानं मी बघत असतानाच ती परत तिथेच चिकटवली. असा राग आला ना! मनासारखा शब्दही पाळू देत नाहीत.


शनिवार, ३०

बाई आल्या. धाकट्याला आदल्या दिवशी दम दिला होता, "मी विचारीन, तू सांगायचं. 'लालचा वास येतो' असं म्हणालास तर याद राख."

बाई चव घ्यायच्या खोलीत पाऊल टाकणार, तोच धाकट्यानं माझ्याकडे बघून नाक दोनदा चोळलं. मला आधी कळेना. मग बाई मनगटावर मनगट घासताना दिसल्या. आणि खिडक्या आठवल्या! ह्या बाईंनी मागच्या वेळी अख्खी ब्रुअरी सेंटनं भरून टाकली होती आणि मी त्यांना बरी बाई म्हणून लिहून ठेवलं होतं!

"थांबा," मी म्हटलं. "पाटी वाचता येते ना? मनगटं, मान, कानामागे, सगळं साबणानं धुवून या. बिअर हुंगायला आलात की बिअरला हुंगवायला?"

भावजयीनं डोळे मिटून घेतले. गेली ऑर्डर, असंच वाटलं असणार तिला. बाईंनी पाटी वाचली आणि निमूट बेसिनकडे गेल्या. धाकटा इतका खूश झाला, जणू मी महिन्याभरानं गावाहून परत आले.

ग्लास भरले. बाई म्हणाल्या, "ताई, ह्यात मला कसला वास यायला हवा?"

मला थाप मारता आली असती. वर्षानुवर्षं हेच बोलत आलेय, पाठ आहे. पण माझ्या लालसमोर खोटं कसं बोलायचं? मी म्हटलं, "मला सध्या वास येत नाही. आजारात गेला. लाल माझी आहे, नाक ह्याचं आहे. हा सांगेल."

धाकट्याच्या कानापर्यंत लाली चढली. ग्लासात नाक घालून बसला. बसला आणि बसला. मी टेबलाखालून लाथ मारली.

"संत्र्याची साल," तो म्हणाला. "पण ताजी नाही. ताई, तुझ्या शाळेच्या दप्तरात एकदा साल राहिली होती बघ, सुट्टीभर. दप्तर उघडलं तेव्हा आला होता तसा. साल, आणि पेन्सिली तासल्याचा."

मला दप्तर दिसलं. तपकिरी, एक बंद तुटलेला. आम्ही दोघं जमिनीवर बसलेलो. साल सुकलेली आणि पेन्सिलीचा भुसा. म्हणजे संत्रं मागे बसलंय, पुढे लाकूड आलंय. म्हणजे हॉप्स बरोब्बर पडलेत. दुप्पट टाकले असते तर हे सगळं गवतात बुडालं असतं.

"आणि मागून?" मी विचारलं.

"मागून भाजलेलं. पावाची कड जास्त भाजली की येतो तसा."

"ते माल्ट," मी बाईंना सांगितलं. "तेवढं हवंच."

बाईंनी परत नाक घातलं, बराच वेळ घातलं. मग म्हणाल्या, "दप्तर! अगदी तेच!" आणि दुसऱ्या ब्रुअरीचं नावही न काढता विचारलं, पहिला माल कधी मिळेल म्हणून. भावजय तिथेच खुर्चीत बसली. धाकट्याला मी म्हटलं, "पेन्सिली तासल्याचा म्हणे! एवढी वर्षं हे सगळं पोटात ठेवून मला 'लालचा वास' सांगत होतास?"

"तू विचारायचीसच कुठे," तो म्हणाला. "तूच सांगायचीस."

घरी आल्यावर नवऱ्यानं कॉफी केली. मी कप दोन्ही हातांत धरला, वाफ तोंडावर घेतली. काही नाही. त्याला विचारलं, "वास येतोय?"

"येतोय."

"कसा?"

त्यानं कप घेतला, डोळे मिटले, खूप विचार केला. गाडी वळवायच्या आधी करतो तेवढा.

"कॉफीसारखा," म्हणाला.

कर्म माझं! अख्खा जन्म ह्या माणसाबरोबर काढला. उद्यापासून ह्यालाही समोर बसवून शिकवायला हवं.